गिनती

परवा साताऱ्यात पोवई नाक्यावर कॉलेजची एक ज्युनिअर भेटली. पुढच्या आठवड्यात तिची एनसीसीची रँक टेस्ट आहे, म्हणजे वरच्या पदासाठीची परीक्षा. म्हणाली, ताई, कमांडचा आवाज कसा काढायचा तेवढं शिकवा, बाकी सगळं पाठ आहे. मी तिथंच उभ्या उभ्या तिला सांगितलं की आवाज घशातून काढलास तर तिसऱ्या कमांडला बसतो, पोटातून काढायचा, चेतावनी लांबवायची आणि हुकूम तोडायचा, म्हणजे 'परेड' हा शब्द शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या मुलीपर्यंत पोचला पाहिजे आणि मग थोडं थांबून 'सावधान' एकदम कडक. मी स्वतः हे चार भिंती स्मारकाच्या चढाला शिकले, सकाळी सहाला डोंगराकडं तोंड करून ओरडायचे आणि फिरायला आलेले आजोबा लोक थांबून बघायचे. ती खुश होऊन गेली. घरी आल्यावर मात्र मला चैन पडेना, कारण तीन वर्षात मला जे सगळ्यात जास्त कामाला आलं ते मी तिला सांगितलंच नाही, आणि ते नाक्यावर रिक्षांच्या हॉर्नमध्ये सांगता येण्यासारखं पण नाही. म्हणून हे लिहितेय, तिच्यासाठी आणि जे कोणी यंदा एनसीसीला नाव घालणार आहेत त्यांच्यासाठी.

माझं गाव मेढ्याच्या पुढं, जावळीत. घरी भातशेती, आण्णा टेम्पो चालवतात. अकरावी बारावी गावाकडंच झाली आणि एफवायला साताऱ्यात आले तेव्हा नोटीस बोर्डावर एनसीसीची भरती लागली होती. आमच्या भागात प्रत्येक वाडीत एक दोन जण तरी मिलिटरीत असतात त्यामुळं खाकी नवीन नव्हती, पण मुलीनं जायचं म्हणल्यावर घरात पहिला प्रश्न आईनं विचारला तो असा की केस कापायला लागतात का. नाही कापायला लागत, अंबाडा बांधून जाळी लावायची असते, हे मी तिला कॉलेजच्या सिनियरकडून विचारून सांगितलं तेव्हा तिनं हो म्हणलं. आजी म्हणाली पोलिसात गेलीस तरी चालंल. आण्णा काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी मेढ्याहून कॅनव्हासचे बूट घेऊन आले.

भरतीच्या दिवशी पाऊस. 18 जागांना सव्वाशे मुली. आधी उंची वजन, मग रनिंग, ग्राउंडवर इतका चिखल की दुसऱ्या राउंडला माझा एक बूट चिखलातच राहिला आणि मी तसाच राउंड पूर्ण केला, मग मागं येऊन बूट काढला. लेखी परीक्षेत सोपं होतं, एनसीसी कधी सुरू झाली (1948), ब्रीदवाक्य काय (एकता और अनुशासन), झेंड्याचे तीन रंग कशाचे, म्हणजे लाल आर्मीचा, गडद निळा नेव्हीचा आणि फिकट निळा एअर फोर्सचा. मुलींचा विभाग 1949 ला सुरू झाला हे मला आलं नव्हतं. इंटरव्ह्यूला आमच्या एएनओ मॅडम होत्या, म्हणजे कॉलेजमध्ये त्या शिकवतात पण एनसीसीचं ट्रेनिंग करून आलेल्या ऑफिसर असतात. त्यांनी एकच विचारलं, रविवारी सकाळी सातला परेड असते, जावळीतून कशी येणार? मी म्हणलं येईन. कशी ते मलाही माहीत नव्हतं.

कारण गावातून पहिली एसटी म्हणजे मुक्कामी गाडी, ती सहाला सुटते आणि पावसाळ्यात साताऱ्याच्या स्टँडवर येईपर्यंत साडेसात. मग शनिवारी संध्याकाळीच यायचं आणि गोडोलीत मावशीकडं झोपायचं असं तीन वर्षं चाललं. मावशीच्या घरी इस्त्रीचं टेबल नव्हतं, सतरंजीवर घडी घालून तिथंच युनिफॉर्मला खळ लावून इस्त्री करायचे, ती पोरगी झोपणार कधी म्हणून मावशीचा जीव वर खाली. पण ज्यांना मावशी नव्हती त्यांचं काय, हा विचार पहिल्या वर्षी माझ्या डोक्यात आला नाही. तो नंतर आला.

पहिलं वर्ष नुसतं ड्रिल. सावधान, विश्राम, दाहिने मुड, बाएँ मुड, पीछे मुड, तेज चल. तेज चालीत मिनिटाला 120 कदम आणि कदम 30 इंचाचा, हे वाचायला सोपं आहे पण माझ्यासारख्या पाच फूट एक इंच उंचीच्या मुलीला 30 इंच टाकताना मांड्या भरून येतात. हात खांद्याच्या लाइनपर्यंत, मूठ बंद, नजर समोर. आमच्या बटालियनचे एक हवालदार यायचे शिकवायला, राजस्थानचे, पीआय स्टाफला, म्हणजे शिकवायला येणाऱ्या फौजींना, आम्ही सगळे उस्तादच म्हणायचो. ते कधी शिवी द्यायचे नाहीत, आवाजपण फार चढवायचे नाहीत, पण प्रत्येक परेडच्या सुरुवातीला आणि शेवटाला त्यांचं एक ठरलेलं असायचं, 'गिनती कर'. मग एक, दो, तीन असं उजवीकडून डावीकडं जायचं, मान झटक्यात वळवून. मला वाटायचं ही सुरुवातीची औपचारिकता आहे, खरी परेड नंतर.

आता कॅम्प.

सीएटीसी म्हणजे 10 दिवसांचा वार्षिक कॅम्प, बी सर्टिफिकेटच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, परीक्षेला बसायला तो करावाच लागतो. एका शाळेच्या आवारात होता, पाचशेच्या वर कॅडेट, मुलींना वर्गखोल्या दिलेल्या, बाकं एका बाजूला रचून खाली अंथरुणं. पहाटे पाचला शिट्टी, त्याच्या आधी साडेचारलाच बाथरूमची लाइन. पीटी, नाष्टा, ड्रिल, वेपन ट्रेनिंग, मॅप रीडिंग, लंगर म्हणजे जेवण, परत क्लास, गेम, रात्री नऊला रोल कॉल. फोन पहिल्याच दिवशी जमा. पहिले तीन दिवस सगळ्या मुली रडतात, चौथ्या दिवसापासून एकमेकींचे अंबाडे बांधून द्यायला लागतात. तिथं नावानं कोणी कोणाला हाक मारत नाही, पाटणची, कोरेगावची, वाईची, खटावची असंच चालतं, मला जावळी म्हणायचे.

मी तेव्हा सेकंड इयरला होते, कॉर्पोरलची फीत लागली होती आणि बॅरेक नंबर तीनची जबाबदारी माझ्याकडं होती. 42 मुली, वेगवेगळ्या कॉलेजच्या. माझं काम म्हणजे वेळेवर फॉलइन करायचं, म्हणजे सगळ्यांना रांगेत उभं करायचं, आणि किती हजर त्याचा रिपोर्ट द्यायचा. सहाव्या रात्रीची गोष्ट. आदल्या रात्री एक मुलगी दहा मिनिटं उशिरा आली म्हणून सगळ्या बॅरेकला परत फॉलइन करून अर्धा तास उभं केलं होतं, पाय सुजलेले, दुसऱ्या दिवशी फायरिंग होतं, सगळ्यांना झोपायचं होतं. नऊला गिनती केली तर 41. पाटणची नव्हती. तिची मैत्रीण म्हणाली, ती आत झोपलीय, पोट दुखतंय तिचं. मी आत जाऊन बघितलं नाही. उस्ताद समोर आले आणि मी कडक सावधान होऊन बोलले, जय हिंद उस्ताद, बॅरेक नंबर तीन, कुल नफरी बयालीस, हाजिर बयालीस, सब ठीक. आवाज एकदम छान लागला होता, ते मला अजून आठवतं.

आत गेलो तर तिचं अंथरूण रिकामं.

त्यानंतरची वीस मिनिटं मी कशी सांगू. मी, तिची मैत्रीण आणि अजून दोघी, टॉर्च एक. लंगरच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ, शाळेच्या स्टेजखाली. रिपोर्ट दिलेला असल्यामुळं कोणाला हाक मारून विचारायची पण सोय नाही, कारण विचारलं की मी खोटं बोलले हे कळणार. आणि तीन चार मिनिटं मी खरंच याच विचारानं गप्प राहिले, ती सापडावी यापेक्षा कळू नये याची काळजी जास्त होती. हे लिहिताना आजपण हात थांबतो. मग मीच पळत जाऊन उस्तादना सांगितलं. तोपर्यंत पहाऱ्याच्या ड्यूटीवरच्या मुलीला ती दिसली होती, बाथरूमच्या मागच्या भिंतीला टेकून बसलेली, अंगात ताप, उलट्या होऊन होऊन उठायची ताकद गेलेली. मी आवाज दिला होता असं पाटणची नंतर म्हणाली, पण आम्ही सगळ्या तेव्हा फॉलइनमध्ये गिनती करत होतो.

एमआय रूममध्ये, म्हणजे कॅम्पच्या दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, सकाळपर्यंत ताप उतरला, दोन दिवसांनी ती परत ड्रिलला उभी होती. तिच्या आईला मॅडमनी फोन लावून दिला. तिला मोठं काही झालं नाही.

उस्ताद मला त्या रात्री काहीच बोलले नाहीत. मला वाटलं सकाळी फीत उतरवतील. सकाळी आम्ही फायरिंगला गेलो.

फायरिंगबद्दल थोडं सांगते कारण बऱ्याच जणांना वाटतं एनसीसीत नुसती परेड असते. पॉइंट टू टू रायफल, झोपून फायर करायचं, 25 मीटरवर टार्गेट, प्रत्येकाला 5 राउंड. मजबूत पकड, बरोबर शिस्त, श्वास अर्धा सोडून रोखायचा आणि ट्रिगर दाबायचा नाही तर हळू पिळायचा. आर्मीच्या हिंदीत नेम धरायला 'शिस्त लेना' म्हणतात. आपल्या मराठीत शिस्त म्हणजे वेगळंच, त्यामुळं उस्ताद पहिल्यांदा 'शिस्त लो' म्हणाले तेव्हा आमच्यातल्या निम्म्या मुली झोपल्या जागी ताठ झाल्या होत्या. नंतर मला वाटत राहिलं की हा शब्द दोन्हीकडं एकच असणार, डोळा, मागची खाच, पुढची नोक आणि टार्गेट एका रेषेत आणायचं, तेवढंच. पाची गोळ्या जवळ जवळ लागल्या की त्याला ग्रुपिंग म्हणतात, ते सेंटीमीटरमध्ये मोजतात, जितकं लहान तितकं चांगलं.

आणि फायर झाल्यावर रिकामे खोके गोळा करून मोजून द्यायचे असतात. खोका म्हणजे गोळी सुटल्यावर उरलेली पितळेची नळी, पॉइंट टू टूची तर करंगळीच्या नखाएवढी. आमच्या डिटेलला, म्हणजे एका वेळी फायर करणाऱ्या गटात, 8 जणी, 8 पंचे 40. खोके भरले 39.

फायरिंग बंद. रायफली चेक करून ठेवल्या. मग आम्ही आठ जणी, आमच्या मागची डिटेल, दोन उस्ताद आणि एक सुभेदार साहेब, सगळे गवतात गुडघ्यावर. ऊन चढत होतं. इंच इंच गवत बोटांनी बाजूला करून बघायचं. बाही झटका, बूट काढा, चटया झटका. पाऊण तास झाला, एक तास झाला, कोणी म्हणालं नाही की जाऊ दे एकच आहे. सव्वा तासानं तो माझ्या शेजारच्या मुलीच्या चटईच्या घडीत सापडला. उस्तादनी तो हातात घेतला, माझ्याजवळ आले, तळहातावर ठेवून दाखवला आणि हळू आवाजात म्हणाले, 'पीतल का टुकड़ा है बेटा, इसके लिए सवा घंटा सब घुटनों पर थे। कल रात तूने लड़की बिना देखे गिन दी।'

एवढंच. नंतर कॅम्पच्या उरलेल्या चार दिवसांत त्यांनी माझी फीत काढली नाही, पण एक काम दिलं. प्रत्येक फॉलइनला, पीटी असो लंगर असो क्लास असो, मी एकेकीच्या खांद्याला हात लावून मोजायचं. नंबर ओरडून गिनती झाल्यावरसुद्धा. दिवसातून आठ नऊ वेळा, 42 खांदे. पहिल्या दिवशी लाज वाटली, सगळ्यांना कारण माहीत होतं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की हात लावल्यावर कळतं कोणाचं अंग गरम आहे, कोण थरथरतेय, कोण रात्रभर झोपली नाही, कोणी अंबाडा आज स्वतः बांधलाय म्हणजे मैत्रिणीशी भांडण झालंय. एकीच्या खांद्याला पट्टा घासून जखम झाली होती ती हात लावल्यावर तिनं अंग काढून घेतलं म्हणून कळली. ओरडून केलेल्या गिनतीत यातलं काही येत नाही, तिथं फक्त आकडा येतो.

एनसीसीच्या शिस्तीची चार तत्त्वं असतात, ती पहिल्या महिन्यातच पाठ करून घेतात. हसतमुखानं हुकूम पाळा, वेळ पाळा, गाजावाजा न करता कष्ट करा, आणि चौथं, सबबी सांगू नका, खोटं बोलू नका. मला चारी पाठ होती, लेखी परीक्षेत पूर्ण मार्क होते.

थर्ड इयरला रँक टेस्ट झाली. लेखी, ड्रिल कमांड, पाच मिनिटांचं भाषण, इंटरव्ह्यू. मला ज्युनिअर अंडर ऑफिसर केलं आणि सिनियर अंडर ऑफिसर, म्हणजे कॅडेटमधलं सगळ्यात वरचं पद, एक मुलगा झाला, जो माझ्यापेक्षा ड्रिलला खरंच चांगला होता. पण ऑक्टोबरमध्ये तो सैन्यभरतीत निवडला गेला आणि ट्रेनिंगला गेला, आमच्याकडं दरवर्षी असं होतं, निम्मी चांगली पोरं तिसरं वर्ष संपायच्या आत निघून जातात आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, त्याचसाठी ती आलेली असतात. मॅडमनी मला बोलवून रजिस्टर हातात दिलं. सगळे मिळून 160, त्यात मुली 53. म्हणाल्या, आजपासून हे तुझं.

मला वाटलं होतं सिनियर अंडर ऑफिसर म्हणजे 15 ऑगस्ट, 26 जानेवारीला पुढं उभं राहून परेड द्यायची, पाहुणे आले की गार्ड ऑफ ऑनर. ते वर्षातून चार पाच दिवस. बाकी सगळं वर्ष नॉमिनल रोल, म्हणजे सगळ्या कॅडेटच्या नावांची यादी. दहावीच्या मार्कलिस्टवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकवर तिसरं, वडिलांच्या नावात कुठं 'राव' आहे कुठं नाही, आणि हे एका अक्षरानं चुकलं की सर्टिफिकेटवर चुकतं आणि भरतीला गेल्यावर कागदपत्रात अडकतं. मी दोन महिने कॉलेजच्या जिमखान्याच्या मागच्या खोलीत बसून 160 जणांची नावं तीन तीन कागदांशी लावून बघितली, एकेकाला समोर बसवून, तूच वाच आणि सांग बरोबर आहे का. 31 नावांत चूक निघाली. हे काम कोणाला दिसत नाही, फोटो निघत नाहीत, पण आज त्यातल्या एकाचा मेसेज आला होता की कागदपत्रं एका झटक्यात क्लिअर झाली, तेव्हा फार बरं वाटलं.

आणि हजेरी. बी असो, तिसऱ्या वर्षाचं सी असो, परीक्षेला बसायला 75 टक्के हजेरी लागते. ऑक्टोबरला मी हिशोब काढला तर 23 जण धोक्यात होते, आणि यादी तालुक्याप्रमाणं लावली तेव्हा डोळे उघडले, त्यातले 19 जण जावळी, पाटण आणि कोरेगावच्या आतल्या गावांतले. आळशी कोणीच नव्हतं. सातची परेड आणि साडेसातला स्टँडवर येणारी गाडी. उशिरा आलेल्यांची त्या दिवसाची गैरहजेरी लागत होती, आणि आधीच्या रजिस्टरात वर्षानुवर्षं तसंच चालत आलेलं. माझ्याकडं मावशी होती म्हणून मी त्या यादीत नव्हते, एवढाच फरक.

मी स्टँडवर जाऊन सगळ्या गाड्यांच्या वेळा कागदावर उतरवून आणल्या आणि मॅडमना दाखवल्या, परेड सव्वाआठला घेतली तर 19 पैकी 17 जण वेळेवर पोचतात. शहरातली पोरं नाराज झाली, ऊन होतं, रविवार जातो, क्लास असतो. एका सार्जंट कॅडेटनं सगळ्यांसमोर म्हणलं की मुलीला कमांड दिली की असंच होणार. त्याला मी रगडा, म्हणजे शिक्षा, देऊ शकत होते, नाही दिला. त्याला म्हणलं पुढच्या रविवारी सातला मेढ्याच्या गाडीची वाट बघायला स्टँडवर माझ्याबरोबर चल. तो आला. गाडीतून सात कॅडेट उतरले, युनिफॉर्मला खळ, बूट पिशवीत आणि पायात चप्पल, कारण गावातल्या वाटेवर चिखल, आणि स्टँडच्या नळावर पाय धुऊन मोजे बूट घालून तिथून ग्राउंडपर्यंत पळत. त्यानंतर तो परत काही म्हणाला नाही, नंतर तर रविवारी स्वतःच मोटरसायकल घेऊन स्टँडवर थांबायचा आणि दोघा दोघांना ट्रिप मारून आणायचा.

एक मुलगा राहिलाच, हायवेच्या पंपावर रात्रपाळी करणारा. त्याच्या 40 परेडीत 27 भरल्या होत्या, वर्षाच्या 20 शिल्लक, एकूण 60 च्या 75 टक्के म्हणजे 45, म्हणजे उरलेल्या 20 मध्ये त्याला 18 पाहिजेत. मी हे त्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं, 18 चौकोन काढून. पंपाचे मालक चांगले निघाले, मॅडमनी फोन केल्यावर शनिवारची त्याची पाळी बदलून दिली. सतरावा चौकोन भरला त्या दिवशी त्याला ताप होता, मी म्हणलं घरी जा, अजून एक सुट्टी तुझ्या हिशोबात आहे. तो गेला नाही, मग त्याला झाडाखाली बसवलं आणि खांद्याला हात लावून हाजिर धरलं. 46 झाल्या त्याच्या.

नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी एनसीसी दिन असतो. त्या वर्षी आम्ही सायकल रॅली काढून मिलिटरी अपशिंगेला गेलो. साताऱ्यातल्या लोकांना हे गाव माहीत आहे, घरटी माणूस फौजेत. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जण कामी आले, त्यांचं स्मारक आहे तिथं. आमची पोरं स्मारकासमोर फॉलइन झाली आणि मी नेहमीसारखी गिनती घेतली. सेहेचाळीस नंबर बोलणारा मुलगा मधल्या रांगेत होता, त्याचा आवाज मध्येच बारीक झाला. परत येताना कोणी फारसं बोललं नाही. मुलींमध्ये मात्र पोगरवाडीच्या कर्नल संतोष महाडिकांचा विषय निघाला, आपल्याच साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी, नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात शहीद झाले, आणि त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक 2017 मध्ये स्वतः ऑफिसर होऊन सैन्यात दाखल झाल्या. आमच्यातल्या चार जणींना एसएसबीला, म्हणजे सैन्यात ऑफिसर होण्यासाठीच्या निवडीला, जायचंय. सी सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड आणि पदवीला 50 टक्के असतील तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीचा इंटरव्ह्यू मिळू शकतो, हे मी इथं मुद्दाम लिहितेय कारण अजून कित्येक गावांत हे माहीतच नाही.

सगळं जमलं असं नाही. कोरेगावची, जी कॅम्पला माझ्या बॅरेकमध्ये होती, आमच्याच कॉलेजची, एक वर्ष मागं, ग्रुपिंग आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं, ती डिसेंबरपासून यायची बंद झाली. फोन लागेना. मॅडम आणि मी तिच्या घरी गेलो. तिचे वडील चांगले बोलले, चहा दिला, म्हणाले स्थळ चांगलं आलंय, फेब्रुवारीत उरकतोय, परीक्षा काय नंतर पण देता येतात. मॅडमनी पाऊण तास समजावलं. मी काय बोलले ते मला धड आठवतही नाही. ती आतल्या खोलीच्या दारात उभी होती, सावधानमध्ये, तिला तशी सवय लागली होती. बी सर्टिफिकेटची परीक्षा दोन महिन्यांवर होती आणि तिची हजेरी 80 टक्के होती. मला तिच्या नावावर पट्टी धरून रेघ मारायला लागली, 159 झाले. मी त्या वर्षी खूप आकडे बरोबर आणले पण हा एक मला अजूनही मान्य नाही.

सी सर्टिफिकेटची परीक्षा झाली, लेखी बरी गेली, ड्रिलला परीक्षक साहेबांनी मला स्क्वॉड दिला, कमांड नीट गेल्या. आता रिझल्टची वाट बघतेय. पाटणची आता बॅरेक सिनियर आहे, यंदाच्या कॅम्पला तिनं पहिल्या रात्रीपासून खांद्याला हात लावूनच गिनती घेतली असं ऐकलं. मी तिला कधी तसं शिकवलं नव्हतं.

मे महिन्यात किट जमा करायची असते. 159 जणांची जमा झाली आणि रजिस्टरमध्ये एक ओळ उघडी राहिली, कोरेगावचीची. मॅडम म्हणाल्या राहू दे, मी बघते. मी म्हणलं नाही, मी जाऊन येते. एसटीनं गेले. ती सासरी होती, तिची आई घरात. त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं सगळं बाहेर काढलं आणि माझ्यासमोर सतरंजीवर मांडलं. जाताना सगळं तिनंच करून ठेवलंय म्हणाल्या, मोजून घ्या. बुटांना पॉलिश होतं आणि नाड्या आत खोचलेल्या, आम्हाला शिकवलंय तशाच. मी प्रत्येक वस्तूला हात लावून मोजलं. बूट एक जोडी, बेल्ट एक, बेरे टोपी एक, तिच्यावरचा तुरा म्हणजे हॅकल एक, खांद्याची दोरी म्हणजे लॅनयार्ड एक, नेमप्लेट एक. नेमप्लेट तिच्या नावाची असल्यामुळं ती जमा करायची नसते. ती मी परत तिच्या आईच्या हातात दिली आणि बाकीच्यावर सही केली.